गोगलगाईचं जर्मन

जर्मन शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात पाठ्यपुस्तक कपाटातच राहतं. पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला विचारतात, तुमचं मन कशात रमतं? नर्सला वॉर्डातले शब्द मिळतात, फुटबॉलवेड्याला मैदानावरचे. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत 'माझं नाव अमुक' असं घोकणारं कुणी नसतं.

बस डेपोतून निवृत्त झालेले मिस्त्री आले आणि त्यांनी इंजिन सांगितलं. वर्गात हशा पिकला. मिस्त्री मात्र नेटानं शिकले. गिअर का अडकतो, हे जर्मनमध्ये सांगण्यापर्यंत त्यांची मजल गेली. बाई खूश होत्या. हे सगळं मिस्त्री कुणाशी बोलणार आहेत, एवढं विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

ते कळलं एका सोमवारी. मिस्त्रींची लेक जर्मनीत असते. तिच्या मुलीला मराठी येत नाही. आदल्या दिवशी मिस्त्रींनी फोनवर नातीला क्लच समजावला होता. तिनं थोडं ऐकलं आणि फोन आईच्या हातात दिला.

"इंजिन चालू आहे बाई, गाडी जागची हलत नाही," मिस्त्री म्हणाले.

नातीला काय आवडतं, हे बाईंनी विचारलं. मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. लेकीकडून कळलं, की नातीनं काचेच्या पेटीत गोगलगाय पाळली आहे. मग इंजिन बाजूला पडलं. गोगलगाय काय खाते, कुठं दडते, यावर धडे सुरू झाले. घरी उजळणी पहिल्यापासून बायको घ्यायची. अर्धांगवायूमुळे ती अंथरुणाला खिळली होती, जीभ मात्र शाबूत होती. "जोडी शोभते," ती म्हणायची, "वेग सारखाच आहे."

पुढच्या रविवारी नात बोलतच सुटली. निम्मं मिस्त्रींच्या डोक्यावरून गेलं. शेवटचं तेवढं नीट कळलं. आजोबा, गोगलगाईला बघायला कधी येणार?

त्यांनी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी बाईंकडे उत्तर मागितलं. बाईंनी खडू उचलला. "आधी मराठीत सांगा, काय म्हणायचंय?"

बायकोला सोडून येता येत नाही, हेच खरं उत्तर होतं. फोन तिच्या उशाशीच लागायचा, आणि उजळणी घेऊन घेऊन आता तिलाही जर्मन कळू लागलं होतं.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "गोगलगाय अंडी कधी घालते, ते विचारायला शिकवा. बोलत राहील पोरगी."