आक्कांची फक्कीची घरं

न बांधलेल्या घरात शिरतानाही आक्का बाहेर चपला काढायच्या. मोकळी जागा असायची, जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा मारलेल्या, कोंबड्या त्यांवरून आरपार हिंडणाऱ्या. पण आक्का दाराच्या जागी थांबणार, चपला काढणार आणि मागून येणाऱ्यावर ओरडणार, "अरं, भिंतीतनं कुठं घुसायलास? दार हिकडं हाय!" तो बिचारा दचकून मागं फिरायचा आणि हसत हसत नसलेल्या दारातून आत यायचा. मग त्यालाही तिथं घर दिसू लागायचं.

आक्का मूळच्या बेळगुंदीच्या. आई-वडील दुसऱ्यांच्या रानात राबलेले. त्यांच्या वस्तीतून शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी म्हणजे आक्का. निपाणीजवळच्या आमच्या गावात मराठी शाळेवर शिक्षिका म्हणून आल्या, निवृत्त झाल्या, तरी इथंच राहिल्या. त्यांना 'बाई' अशी हाक कुणी मारलीच नाही. लहानथोरांच्या त्या आक्काच. शाळेत त्यांनी मला काय काय शिकवलं ते फारसं आठवत नाही. पण कुठं घर बांधायचं ठरल्याची बातमी आली की त्यांचा चेहरा कसा फुलायचा, ते डोळ्यांपुढं आहे. "घर व्हायलंय गं, घर!" म्हणत हातातला चहा तसाच ठेवून त्या फक्कीनं घर आखून द्यायला निघायच्या. जणू गावात कुणाला मूल झालंय.

त्यांच्या रेघा मात्र कधी सरळ आल्या नाहीत. तालुक्याचे इंजिनिअर यायचे, हसायचे आणि दोरी धरून सगळं नीट आखून द्यायचे. आक्कांना त्याचं काही वाटायचं नाही. "सरळ तुमी करा सायेब. माणसं कुठं बसणार, कुठं रुसणार, तेवढंच मला बघायचंय," म्हणायच्या. रुसायला घरात एक कोपरा पाहिजेच, असं त्यांचं ठाम मत होतं.

चुकायच्यासुद्धा. एका घराला त्यांनी हौसेनं पश्चिमेला भली मोठी खिडकी काढायला लावली आणि पावसाची झड थेट अंथरुणावर यायला लागली. आक्का स्वतः रिक्षात पत्रा घालून त्या घरी गेल्या. "माझं चुकलं गं बाई," म्हणून उंबऱ्यावर बसल्या आणि पत्रा बसेपर्यंत हलल्या नाहीत. त्यानंतर कुठंही खिडकीचा विषय निघाला की त्या आधी ओरडायच्या, "छज्जा पयला!"

मी लहान असताना एका वर्षी वेदगंगेला पूर आला आणि आमचं मातीचं घर बसलं. आम्ही शाळेच्या वर्गात राहत होतो. सरकारी मदत मंजूर झाली, तसं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर ठरवूनही टाकलं. पुढं हॉल, मधे खोली, सगळ्यात मागं स्वयंपाकघर. निपाणीतल्या पाहुण्यांचं घर तसंच होतं. आईला कुणी विचारलं नाही, आणि ती कधी आपण होऊन बोलणारी नव्हती.

आक्का फक्कीची पाटी घेऊन हजर झाल्या आणि आप्पांनी ठरवलेलं घर त्यांनी जागेवर आखलं. "आप्पा, एकदा सिमीट वतलं की जन्माचं झालं. त्याच्या आदी एक दिवस ह्यात राहून बघू."

आणि खरंच राहिलो! तंबाखूच्या रानाला लागून आमची जागा. मागच्या चौकोनात चूल मांडली, पुढच्या चौकोनात सतरंजी पसरली. सगळी गल्ली बघायला लोटली. काका मधल्या खोलीत आडवे झाले तर लोक ओरडले, "पाय मोरीत गेलं की हो तुमचं!" काकांनी पाय आखडले आणि खोली हातभर वाढवायचं तिथल्या तिथं ठरलं. मला तर त्या दिवशी जत्रेत असल्यासारखं वाटत होतं. नसलेली खिडकी मी दहादा उघडली आणि लावली.

आई मागं भाकरी थापत होती. आक्का तिच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. "हितनं तुला काय दिसायलंय गं?"

"काय न्हाय," आई म्हणाली. "भिंत."

तिच्यासमोर लांबवर हिरवं रान पसरलं होतं. भिंतीच्या जागी नुसती पांढरी रेघ होती. तरी आईला भिंत दिसत होती.

"मग तुला काय दिसाय पायजे?"

"तिचं काय न्हाय हो आक्का," आप्पा म्हणाले.

"तू गप रं. तिला बोलू दे."

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग खाली बघतच म्हणाली, "रस्ता. पोरं येताना दिसावीत. दिवसभर चुलीम्होरं असायचं. गावात कोण आलं, कोण गेलं, सगळ्यात शेवटी मला कळतंय."

आप्पा उसळले. "म्होरं सैपाकघर? लोक हसतील!" गवंडी हुक्केरीकडचा, कानडी बोलणारा. त्यानंही मान हलवली, "आगंगिल्ल आक्का." जमायचं नाही. आक्का त्याच्याच भाषेत गरजल्या, "आगतद, आगतद!" होतंय, होतंय! आप्पा तरातरा रानात निघून गेले.

संध्याकाळी परतले, तेव्हा आई पाण्याला गेली होती. आप्पा मागच्या चौकोनात गेले आणि विझलेल्या चुलीपुढं तिच्या जागी बसले. बराच वेळ बसले. मग उठले, पायानं ती रेघ पुसली आणि गवंड्याला म्हणाले, "चूल म्होरं घे."

आक्कांनी टाळ्याच वाजवल्या!

लोक हसले, पण चार दिवस. नंतर आमच्या गल्लीत बांधलेल्या घरांपैकी निम्म्यांची स्वयंपाकघरं रस्त्याकडे आली.

गेल्या हिवाळ्यात आक्का थोड्याशा आजारानं गेल्या. शाळेच्या पटांगणात शोकसभा भरली. मी बेळगावहून सकाळच्या गाडीनं आले. बुद्धवंदना झाली, दोघातिघांची भाषणं झाली. पण मागं बसलेल्या, गावोगावहून आलेल्या बायका काही गप्प राहीनात. कुणाला आक्कांनी न्हाणीला आडोसा मिळवून दिला होता, कुणाला म्हातारपणी बसायला दारात कट्टा. डोळे पुसत त्या एकमेकींना आपापली घरं सांगत होत्या आणि सांगता सांगता हात पसरून खोल्या दाखवत होत्या.

"आणखी कुणाला बोलायचं आहे का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

माझ्या शेजारून आई उठली. मला वाटलं, पाणी प्यायला चालली असेल. ती सरळ पुढं गेली आणि माइकपासून हातभर लांब उभी राहिली. पहिल्या रांगेत आप्पा होते. ते मान वर करून तिच्याकडं बघत राहिले.

"आक्कांनी मला घर दिलं न्हाय," आई म्हणाली. "घर सरकारनं दिलं, ह्यांनी बांधलं. आक्कांनी मला इचारलं. तवर कुणी इचारलं नव्हतं."

आप्पा तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "व्हय. खरं हाय."