निम्मं व्हिनेगर

दवाखान्यात पस्तीस वर्षं औषधं मोजून दिलेला माणूस घरी बसला, तरी त्याची बोटं काही घरी बसत नाहीत. कंपाउंडरांचं तसंच झालं. लोक तोंडावर त्यांना साहेब म्हणत, पाठीमागे थेंबकाका.

काकांनी मग फळांचा सालसा, म्हणजे परदेशी आंबट-तिखट चटणी, करायला घेतला. अननस, पीच, टोमॅटो, कांदा, मिरची बारीक चिरायची, व्हिनेगर घालून शिजवायचं, गरमागरम काचेच्या बरण्यांत भरायचं आणि झाकणं लावून बरण्या वीस मिनिटं पाण्यात उकळायच्या. काम चार ओळींचं. काका त्यावर चाळीस ओळी बोलत. त्यातल्या तीस व्हिनेगरवर.

"कांद्या-मिरचीला स्वतःचा आंबटपणा नसतो. व्हिनेगर कमी पडलं की बंद बरणीत विष होऊ शकतं. वास नाही, रंग नाही. खाणारा सरळ आडवा!"

मागच्या वर्षी सुनेच्या हातून दोन कांदे जास्त पडले. तिनं आपणहून येऊन सांगितलं. काकांनी पाहुण्यांदेखत तिच्या सहाच्या सहा बरण्या टाकायला लावल्या, वर "अंदाज भाजीला, बरणीला नव्हे" हे सुभाषितही ऐकवलं.

यंदा माशी शिंकली ती व्याह्यांमुळे, म्हणजे सुनेच्या वडिलांमुळे. जेवायला आले, सालसा चाखला आणि एक डोळा मिटून म्हणाले, "व्याहीबुवा, फर्मास! फक्त दात आंबले. कवळी असती तर पळून गेली असती!"

सगळे हसले. काकाही हसले, पण ते हसू घशाखाली उतरलं नाही. पुढच्या खेपेला घरात कोणी नसताना त्यांनी व्हिनेगर निम्मं घातलं आणि वर मूठभर साखर. चौदा बरण्या झाल्या. त्यातल्या दोन व्याह्यांकडे स्वतः नेऊन दिल्या.

तीन दिवस काका स्वतःचीच वकिली करत होते. पीच आंबट असतंच की. अननस काय कमी आहे? चौथ्या दिवशी सुनेनं कपाटातून बरणी काढून उजेडात धरली.

"बाबा, झाकण काय मस्त बसलंय! उघडू का आज? तुमच्या हातचं म्हणजे डोळे झाकून खावं."

काकांनी बरणी तिच्या हातून घेऊन परत कपाटात ठेवली. "ती... मुरू दे अजून," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी चपला घातल्या आणि व्याह्यांचं घर गाठलं.

"दिलेलं परत मागायला आलात की काय?" विहीणबाई हसत म्हणाल्या.

"झाकणं जरा खराब निघाली यंदा."

"छे हो, चांगली घट्ट आहेत. परवा पाहुणे यायचेत, त्यांच्यासाठी ठेवल्यात."

काकांनी पायपुसण्याकडे बघत सांगितलं, "व्हिनेगर निम्मं घातलंय. मुद्दाम. व्याह्यांनी आंबट म्हटलं म्हणून."

आतून आलेल्या व्याह्यांना एरवी शिंकेवरही विनोद सुचायचा. आज त्यांनी नुसतं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. विहीणबाईंनी दोन्ही बरण्या आणून त्यांच्या हातात दिल्या. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

"आमच्या लेकीचे कांदे चुकून पडले होते, साहेब. आणि तिनं लगेच सांगितलं होतं."

परतीची वाट दहा मिनिटांची. काकांना अर्धा तास लागला. वाटेत कोणीतरी "साहेब, यंदा आम्हाला सालसा नाही का?" म्हणालं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

सून ओट्यापाशीच होती. काकांनी बरण्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, कवळीच्या विनोदासकट. तिनं गॅस बंद केला.

"अजून कुणाला दिल्यात?"

"नाही. या दोनच. आणल्या परत."

ती मागच्या वर्षाबद्दल एक शब्द जरी बोलली असती, तरी काकांना बरं वाटलं असतं. तिनं जाड पिशवी आणली आणि बंद बरण्या तशाच एकेक करून आत ठेवू लागली. काका पिशवी धरून उभे राहिले. तिच्याकडे बघायचं धाडस मात्र त्यांना शेवटच्या बरणीपर्यंत झालं नाही.