मनमाडच्या गाडीतली बारावी जागा

गुरुवारची सकाळ होती. माझा नवरा सोमनाथ सातलाच पहिल्या पाळीला गेला होता, मुलीची शाळेची रिक्षा येऊन गेली होती आणि मी पुढच्या खोलीत फतकल मारून मेथी निवडत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारी माणसं आमच्याकडे दोनच. एक गॅसवाला, दुसऱ्या शेजारच्या भागुबाई. गॅस कालच आला होता, आणि भागुबाई वाजवून थांबत नाहीत, वाजवता वाजवताच आत येतात.

दार उघडलं तर इसाकचाचा. हातात त्यांची ती निळ्या पुठ्ठ्याची वही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या गेटबाहेर आमची वस्ती आहे. तिथे गुरुवारी इसाकचाचा वही घेऊन कुणाच्या दारात दिसले तर त्यात नवल नाही. आमच्या फुटबॉल संघाचा रविवारचा सामना बाहेरगावी असला, की खेळाडू सकाळच्या रेल्वेने पुढे जातात आणि बघणारी मंडळी मागून कारभारी ड्रायव्हरच्या क्रूझर जीपने निघतात. क्रूझरमध्ये बारा जागा. त्या बारा नावांची यादी चाचा करतात. फोनवर सांगितलेलं नाव ते धरत नाहीत. दारात जायचं, माणसाच्या तोंडून 'येतो' ऐकायचं आणि मगच लिहायचं. ज्याला गाडी लागते त्याला खिडकी, ज्याचे पाय लांब त्याला पुढे, आणि ज्याला कायम वाद घालायचा असतो त्याला एकदम मागे, सुट्या टायरशेजारी.

नवल होतं ते आमच्या दाराचं. मला या घरात येऊन चौदा वर्षं झाली. दर वेळी चाचा भागुबाईंकडे थांबतात, कारण त्यांचा मुलगा संघर्ष यादीत कायम असतो, आणि मग आमचं दार सोडून पलीकडच्या घरी जातात. आमच्या बाजूला बघतही नाहीत. मी समजत होते, सोमनाथने खेळ सोडला म्हणून ही नाराजी असेल. फुटबॉलवेड्या माणसांचे रुसवे फार टिकाऊ असतात, एवढं मला इथे येऊन कळलं होतं. मी मूळची शहरातली, गंगापूर रोडची. आमच्याकडे रविवारी लोक चिवडा आणायला बाहेर पडत.

"काय इसाकभाई, घर चुकलं का आज?" भागुबाई कंपाउंडवरून ओरडल्याच.

"नाय, आज इथंच काम हाय."

"मग मॅच गेली म्हणायची!"

चाचा हसले नाहीत. एरवी ते भागुबाईंचं उत्तर उधार ठेवत नाहीत. चपला बाहेर काढून, भिंतीशी नीट जोडून ठेवून ते आत आले आणि खुर्ची सोडून दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

"सोमनाथ नसल ना?"

"फर्स्ट शिफ्टला आहेत. पावणेचारला येतील."

"हां. मला माहीत होतं," ते म्हणाले, आणि आपणच कानकोंडे झाले.

मी चहा टाकला. इसाकचाचांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. वीज केंद्रात कोळशाच्या वॅगन येतात, त्या रुळांवर मागे-पुढे लावायचं, शंटिंगचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. हातात हिरवी-लाल झेंडी, गळ्यात पितळेची शिट्टी. माझे सासरे, गेणूअण्णा, त्याच यार्डात होते. दोघांचा डबा एका झाडाखाली उघडायचा. चाचा स्वतः कधी खेळले नाहीत. लहानपणी मोडलेला पाय वाकडाच जुळला, म्हणून ते बघणारे झाले, आणि बघावं कसं हे त्यांच्याकडून शिकावं. आपल्या संघाच्या गोलमागे उभं राहायचं, बसायचं नाही. फाटलेले बॉल घरी नेऊन शिवून आणायचे. बिलकिसचाची डब्यात उकडलेली अंडी आणि मिठाची पुडी देतात. हाफटाइमला ती अंडी खेळाडूंना, आणि उरलीच तर समोरच्या गोलकीपरला. "त्याचं पोट भरलं की तो वाकत नाय," असं त्यांचं त्यावरचं शास्त्र.

"रविवारी मनमाडला हाय," ते म्हणाले. "जिंकलो तर वरच्या गटात. बरोबरी चालत नाय. एकोणीस वर्षांनी वर जायचा चान्स."

"जिंकणार का?"

मी सहज विचारलं, आणि त्यांना जणू तेवढाच आधार मिळाला. ते सांगत सुटले. मनमाडचं मैदान पूर्वेकडे उतरतं. टॉस जिंकला तर पहिला हाफ चढाकडे खेळायचा, कारण तीननंतर रेल्वेलाइनीकडून वारा सुटतो, आणि तेव्हा उतारही आपला पाहिजे, वाराही आपला. पाहुण्यांची बाजू उन्हाची, तिथे सावलीला एक बोरीचं झाड आहे, पण त्याखाली जो उभा राहील त्याला काटे. त्यांचा गोलकीपर ताडासारखा उंच, पण डावीकडे खाली पडायचा कंटाळा करतो. "आपला ओवेस हाय ना, नऊ नंबर, त्याला सांगितलंय, बेटा हवेत हाणू नको. जमिनीला चाटून डाव्या कोपऱ्यात. पयली वीस मिनिटं गोल नाय खाल्ला तर त्यांचे लोक आपल्याच पोरांना शिव्या द्यायला लागतात. मग आपलं काम निम्मं झालं."

बोलताना त्यांचे हात गुडघ्यावर मैदान आखत होते. मला फुटबॉलमधलं कळतं ते बेताचंच, पण रविवारची दुपार माझ्यासमोर उभी राहिली. आणि एकीकडे हेही कळत होतं, की हा माणूस मॅच सांगायला आलेला नाही. माझी आई पाहुण्यांना कडू बातमी सांगायच्या आधी अशीच गव्हाच्या भावाबद्दल बोलत राहायची. मी मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली. हाताला काम असलं की समोरच्याला बोलणं सोपं जातं.

चहा निवला. मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. अकरा नावं लिहिलेली. बाराव्या आकड्यापुढे काही नव्हतं.

"ही जागा सोमनाथची."

"ते येणार नाहीत, चाचा. तुम्हाला माहीत आहे."

"का नाय येत, ते तुला काय माहीत हाय, सूनबाई?"

जे सगळ्यांना माहीत होतं तेच मला माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी सोमनाथ एकवीस वर्षांचा होता. संघाचा मुख्य बचावपटू. मनमाडलाच शेवटचा सामना होता, बरोबरी झाली असती तरी संघ वरच्या गटात टिकला असता. शेवटची सात मिनिटं राहिली असताना सोमनाथने आपल्या गोलसमोर उंच आलेला बॉल चक्क दोन्ही हातांनी धरला. पेनल्टी. गोल. संघ खाली घसरला. सोमनाथ म्हणाला, शिट्टी वाजली, खेळ थांबला म्हणून धरला. रेफरी म्हणाले, मी वाजवलीच नाही. रूळ शेजारीच, म्हणून काही जण म्हणाले, रेल्वेच्या गार्डची असेल. बाकीचे म्हणाले, चुकला आणि वर खोटं बोलतोय. वस्तीत त्याचं नावच 'शिट्टी' पडलं. पोरं मागून फुर्रर करून पळायची. त्याने बूट कुणाला तरी देऊन टाकले.

"ती शिट्टी माझी होती," इसाकचाचा म्हणाले.

माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

"गोलमागंच होतो मी. बॉल वरून येत होता. सोमनाथ वर बघत मागं सरकत होता, आणि मागून आपलाच गोलकीपर सुसाट धावत आला. दोघांचं एकमेकांकडं ध्यान नाय. सूनबाई, यार्डात तीस वर्षं मी एकच केलं. माणूस मागं बघत नाय आणि मागून काही येतंय, तर शिट्टी. विचार करायचाच नसतो. हात आपला आपण जातो. ड्युटीवरून तसाच गाडीत बसलो होतो, गळ्यात होती. वाजली. आणि सोमनाथ थांबला. कसा नाय थांबणार? यार्डातल्या माणसाचा पोरगा. शिट्टी झाली की थांबायचं, हे त्याला बापानं चालायला शिकवतानाच शिकवलेलं."

"मग तुम्ही तेव्हाच..."

"तेव्हाच म्हटलं, रेफरी बघून घेतील. मग गोल झाला. गाडीत सगळे त्याला नाय नाय ते बोलत होते. म्हटलं, गेटवर उतरल्यावर सांगू. गेट आलं. म्हटलं, उद्या सांगू." ते वहीचा पुठ्ठा बोटाने दाबत राहिले. "तरी ते एक वेळ माफ होईल. पुढचं नाय होणार. तिसऱ्या दिवशी डबा खाताना गेणूनं मला इचारलं. इसाक, तू तर गोलमागंच होतास. खरं सांग, शिट्टी झाली होती का? मी म्हटलं, मला नाय ऐकू आली."

भागुबाईंकडे मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला.

"त्यानं पोराला नाय इचारलं, मला इचारलं. माझ्यावर भरवसा होता म्हणून. घरी जाऊन त्यानं सोमनाथला सांगितलं, चुकलं असं म्हण, पण खोटं बोलू नको."

ते मला ठाऊक होतं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. बापलेकांत भांडण असं कधी दिसलं नाही. औषधं, दवाखाना, सगळं सोमनाथने केलं. पण दोघं एका खोलीत असले की बोलणं हवापाण्याचं. मी नवी असताना मला वाटायचं, ही यांच्या घरची रीतच असेल.

राग आला का? आला. गेणूअण्णांच्या शेवटच्या दिवसांत हेच चाचा रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी येऊन बसत. सोमनाथ कामावरून यायच्या आत निघून जात. तेव्हा मला त्यात नुसतं प्रेम दिसलं होतं. प्रेमही असेल. पण एक वाक्य त्या खाटेपाशी बोलायचं राहून गेलं, आणि आता ते ऐकायला तिथे कुणी नाही.

"अण्णांना सांगायचं होतं, चाचा," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा चढला.

"रोज सांगायलाच यायचो," ते म्हणाले. 

मी त्यांना आणखी बोलणार होते, पण जीभ रेटेना. कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी सोमनाथने मला ही गोष्ट सांगितली होती. एकदाच. "शिट्टी वाजली होती," तो म्हणाला होता, आणि माझ्याकडे बघत थांबला होता. मी काय म्हणाले? "असू दे हो, होतं असं कधी कधी." मला वाटलं, मी केवढी समजूतदार बायको. त्याने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याला समजूत नको होती. कुणीतरी एकाने 'हो, वाजली असेल' म्हणायला हवं होतं. तो एक माणूस मी असू शकले असते. मीही नव्हते.

आणि फुटबॉल त्याने कुठे सोडला होता? बाहेरगावच्या सामन्याच्या रविवारी संध्याकाळी सोमनाथ आपली गाडी धुवायला अंगणात उतरतो. स्वच्छ गाडी पुन्हा धुतो. जिंकून आले की कारभारी गेटपासून मारुतीच्या देवळापर्यंत हॉर्न सोडत नाही, हरले की गुपचूप येतो. हॉर्न ऐकू आला की सोमनाथ नळ बंद करतो आणि घरात येऊन म्हणतो, "चहा टाक गं." नाही आला तर काळोख पडेपर्यंत चाकं पुसत बसतो. मी हे सगळं बघत होते. बघून गप्प राहणं मलाही इसाकचाचांइतकंच जमलं होतं.

"मग आता काय करायचं म्हणता?" मी विचारलं.

"रविवारी गाडीत सगळे असतील. जुने चौघं हाईत, ज्यांनी त्या दिवशी त्याला शिव्या घातल्या. त्यांच्यासमोर सांगणार. मैदानावर मनमाडच्या लोकांनाही सांगेन. पण तो गाडीत पाहिजे. त्याच्या माघारी सांगितलं तर ते पण चोरूनच सांगितल्यासारखं." मग म्हणाले, "तू त्याला सांगशील का, म्हणून आलो होतो."

"मी नाही सांगणार."

त्यांनी बाराव्या आकड्यावर बोट ठेवलं.

"माझ्या तोंडून ऐकून त्यांना काय मिळणार? आणि गाडीत चारचौघांत पहिल्यांदा ऐकायची ही गोष्ट आहे का? आधी त्यांना एकट्याला सांगा. मग रविवारी यायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "बरोबरच हाय." वही मिटली, गुडघ्यावर हात देऊन उठले. "मग संध्याकाळी येतो."

चपला घातल्या. पायरी उतरले. फाटकापर्यंत गेले. वाकड्या पायाने माणूस चालतो तेव्हा त्याचं मन कुठे ओढतंय ते मागून कळत नाही, पण फाटकाची कडी काढायला त्यांना फार वेळ लागला. भागुबाई वाळत घातलेल्या साडीआडून बघतच होत्या.

"झालं का काम, इसाकभाई?"

त्यांनी कडी पुन्हा लावली आणि परत आले. दारात, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"सूनबाई, घरी गेलो तर मी संध्याकाळी यायचा नाय. एकोणीस वर्षं माझी मला ओळख हाय," ते म्हणाले. "सोमनाथ येईपर्यंत मला इथं बसू दे."