हिरवा दिवा : तीन आणि दोन

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यवतजवळ आमच्या मामांच्या मळ्यात थ्री फेज वीज आली. मोटर सुरू व्हायला हवी होती. झाली नाही. त्या वेळी मामा विहिरीत, मोटरच्या केबलचा उघडा जोड हातात धरून उभे होते.

मी बावीस वर्षं शिरूरहून तालुक्याच्या बातम्या देतो. अंगात येणं, झपाटलेली झाडं... असल्या बातम्या मी स्वतःच कापत आलो. म्हणून इथे फक्त पाहिलेलं आणि तपासलेलं लिहितो.

माझा धाकटा भाऊ विलास. दौंडला त्याचं मोटर-स्टार्टरचे बोर्ड दुरुस्त करायचं दुकान होतं. विजेचा नेम नसतो, म्हणून शेतकरी स्टार्टर ‘ऑटो’वर ठेवतात – वीज आली की मोटर आपोआप चालू. विलासला ते पटत नसे. बोर्डाच्या चिपसाठी त्याने स्वतःचा प्रोग्राम लिहिला होता. वीज आली की बोर्ड नुसता थांबायचा. हिरवा दिवा तीनदा लुकलुकायचा, थोडं थांबून दोनदा. कोणी विहिरीत डोकावून बटण दाबलं तरच मोटर चालू. याला तो ‘रिकव्हरी’ म्हणायचा. गिऱ्हाइकं वैतागायची.

तीन वर्षांपूर्वी एका विहिरीत केबल जोडताना वीज वेळेआधी आली आणि विलास गेला. तिथला स्टार्टर ऑटोवर होता. बोर्ड त्याचा नव्हता. बातमी मीच दिली. चार ओळी.

मामांच्या मळ्यात मात्र विलासचाच बोर्ड होता. त्या मंगळवारच्या आठ दिवस आधी तो घेऊन ते माझ्यासोबत दुकानात आले. दुकान आता विलासचा भागीदार संदीप चालवतो.

“ह्यातलं इलासचं काढ बाबा,” मामा म्हणाले. “लाइट आली की बटण दाबाया पळायचं. गुडघं गेलं माझं. मोटर माझी हाय का मी मोटरचा?”

संदीपने माझ्याकडे पाहिलं. “दादा?”

“बोर्ड त्यांचा आहे,” मी म्हणालो.

संदीपने चिप पुसली, रिकामी झाल्याचं तपासलं आणि सप्लायरचा तयार प्रोग्राम भरला. मोटरच्या जागी बल्ब लावून पाच वेळा वीज दिली. पाचही वेळा बल्ब लगेच लागला. विलासच्या प्रोग्रामची फाइल विलासच्याच लॅपटॉपमध्ये होती. त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही.

मंगळवारी मोटर सारखी ट्रिप होत होती. वीज गेल्यावर मामा केबलचा जोड बघायला विहिरीत निघाले. मी स्टार्टरच्या पेटीपाशी होतो. मेन स्विच पाडायला हात घातला.

“नको पाडू!” पायऱ्या उतरता उतरता मामा ओरडले. “त्याची तार सुटती, मग वायरमनला हुडकत फिरावं लागतंय. लाइट बाराला हाय.”

“पण मामा, विलास...”

“ए बातमीदार, येळ कळतीया मला.”

मी हात काढला.

११.३८ ला पेटीवरचे तिन्ही फेजचे लाल दिवे लागले. मी मेनची दांडी ओढली, ती अडकली. समोर बोर्ड होता. हिरवा दिवा तीनदा लुकलुकला. थांबला. दोनदा. पुन्हा तीनदा. मोटर चालू करणाऱ्या रिलेचा खटका वाजला नाही. दुसऱ्या हिसक्याला मेन पडला.

“लाइट आली का रं?” खालून आवाज आला.

“आली होती. मेन पाडलाय. जोड सोडा, वर या.”

मामा पायरीवर बसूनच म्हणाले, “इलासचं काढलं हुतं न्हवं आपण?”

त्याच दुपारी बोर्ड दौंडला नेला. संदीपने चिप वाचली. आत सप्लायरचाच प्रोग्राम होता, दुसरं काही नव्हतं. त्या प्रोग्राममध्ये हिरवा दिवा वापरलेलाच नाही. संदीपने व्होल्टेज कमी-जास्त केलं, बोर्ड तापवला. बल्ब दर वेळी लगेच लागला.

“दादा, नक्की हिरवाच होता?”

“तीन आणि दोन.”

कारण आजवर सापडलेलं नाही. दुकानाच्या जॉब कार्डवर संदीपने त्या दिवशी लिहिलं: तक्रार – वीज आल्यावर मोटर चालू झाली नाही. दोष – आढळला नाही.