बजरंगभाऊंची बैठक

बजरंगभाऊंचं लग्न जमलं नाही, याचा दोष औंढे गावात कुणी मुलींना दिला नाही. मुलगी बघायला गेले तरी भाऊंची नजर खिडकीतून पठार शोधायची. साठीला टेकले, तरी सकाळी म्हशी हाकल्या की दिवसभर मुक्काम वरच. "वहिनी बऱ्या हायेत का?" असं आळीतल्या बायका पठाराकडं बोट करून विचारायच्या, आणि भाऊ चक्क लाजायचे.

तेच पठार यंदा एका रिसॉर्ट कंपनीनं विकत घेतलं. पठार बचाव समितीनं हरकत घेतली, काम अडलं. मग कंपनीचा निरोप आला: हरकत मागे घ्या, वरची झऱ्याकडची बाजू मोकळी सोडतो. लोणावळ्यात हॉटेलात बसून बोलू.

समितीत जुंपली.

"बोललो नाही तर सगळंच जाईल," लोणावळ्याच्या अनघाताई म्हणाल्या. त्यांनीच समिती उभी केलेली.

भाऊंचा पुतण्या अमृत उसळला. "बोलणीला बसलं म्हंजे पोरगी दिल्यातच जमा! बैठकीतनं कुनी न्हाई म्हणून उठलंय का?"

दोन्हीकडचे भाऊंकडं बघायला लागले. भाऊ म्हणाले, "बैठक करू. पन रीतीनं. पोरगी बगितल्याबिगर बोलणी कसली? त्यास्नी वर बोलवा."

ठरल्या दिवशी भाऊ फेटा बांधून निघाले. आळीतल्या शालूबाईनं दारातनंच हटकलं, "भाऊजी, आज नवरदेव जनू!"

"न्हाई वहिनी," भाऊ म्हणाले, "आज पोरीचा बाप."

शालूबाईनं पदर डोक्यावर घेतला. असं पहिल्यांदाच झालं.

पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं झालेलं. अनघाताई आणि अमृतबरोबर कंपनीचे साहेब धापा टाकत आले, तोवर भाऊंनी घोंगडं अंथरलं होतं. आधी त्यांनी साहेबांना सगळं फिरवून दाखवलं: झरा, टिटवीची जागा, म्हशी डुंबतात ते डबकं. मग मागणी मांडली. "झऱ्यापासनं वरचं समदं मोकळं. वाटंला कुंपण न्हाई."

"मान्य," साहेब म्हणाले. "पण झऱ्याखालचा माळ आमचा."

भाऊंचा सगळा जन्म पठाराच्या या खालच्या माळावरच म्हशी राखण्यात गेला होता. अनघाताईंनी मान खाली घातली. भाऊंनी खिशातनं अडकित्ता काढला, सुपारी फोडली आणि अर्धी साहेबांच्या हातावर ठेवली. अमृतनं पाठ फिरवली. साहेबांना वाटलं, पाहुणचार. त्यांनी हसून तोंडात टाकली.

सगळे उतरायला लागले, तसे भाऊ खालच्या माळावर मांडी घालून बसले.

"चला की, काका," अमृत म्हणाला.

"व्हा म्होरं. आज बसतो जरा. पोर सासरी गेल्यावर इचारून यावं लागंल."