डिपॉझिट काकांचं मत

मतदानाच्या दिवशी डिपॉझिट काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रांगेत पहिले असायचे. परत आले की बिल्डिंगच्या गेटात उभं राहून शाईचं बोट वर करायचे आणि कोणाला मत दिलं ते तिन्ही विंगांना ऐकू जाईल असं सांगायचे. त्यांनी ज्याला दिलं तो पडणार, हे मानपाडा रोडच्या आमच्या भागात पोराटोरांनाही पाठ होतं. नुसता पडायचा नाही, त्याचं डिपॉझिटही जप्त व्हायचं. म्हणून हे नाव. काकांना ते आवडायचंही, आता काय बोलायचं!

त्यांचा नियम साधा होता. "जो माझ्या घरी येऊन टेकेल, त्याला माझं मत." निवडून येणारे टेकतात कुठले? दारातूनच नमस्कार, हातात पत्रक कोंबलं की पुढचं दार. पडणाऱ्यांना मात्र वेळच वेळ. ते बसायचे, काकांचा पाणचट चहा गोड मानून घ्यायचे, गटाराची तक्रार शेवटपर्यंत ऐकायचे.

"अहो काका, एकदा तरी जिंकणाऱ्याला द्या की," मी म्हणायचे.

"त्याला काय कमी आहे गं सुनंदा? द्यायला बाकीचे आहेत ना."

तेव्हा आमच्याकडे भांडणंसुद्धा उघड्यावर व्हायची. एकाच घरात बाप एका पक्षाचा, मुलगा दुसऱ्या. निकालाला सगळे काकांच्याच टीव्हीसमोर जमायचे, साबुदाण्याची खिचडी व्हायची, आणि कोणीतरी विचारायचंच, "काका, गेलं का?" "गेलं!" म्हणून सगळ्यात मोठ्याने तेच हसायचे.

मग एका निवडणुकीला मतदान केंद्र आमच्या सोसायटीच्या ऑफिसातच आलं. उन्हात शाळेपर्यंत जायला नको म्हणून आम्ही खूश. काकांचा चेहरा मात्र उतरला. "अगं, हे मशीन फक्त आपल्या बिल्डिंगचं. उद्या निकालात आपला आकडा वेगळा दिसणार. मी ओरडून सांगतो ते माझ्या मर्जीने. तुमचं तुम्हाला न विचारताच कळेल." मी म्हटलं, काका, तुम्ही पण ना! कशाला उगाच काळजी करता?

निकाल लागला. आमचे नगरसेवक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, वॉर्डात आरामात निवडून आले. आमच्या मशीनवर मात्र सपाटून हरले. दुसऱ्या दिवशी त्यांची दोन माणसं गेटात उभी. आवाज चढलेला नाही, उलट हसतमुख. "वहिनी, पाणी नीट येतं ना? नाही, सहज विचारलं."

आमचे सेक्रेटरी तर घामाघूम झाले. "साहेब, विरोधातले आमच्याकडे फक्त हे काका. बाकी सगळे आपलेच." अहो, एका माणसाची इतकी मतं? पण कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. ती मतं आमचीच होती की!

काका बनियनवरच खाली आले होते. त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले, "सगळी मीच दिली."

ती माणसं खदाखदा हसली. एकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, संध्याकाळी फिरायला मानपाडा रोडलाच जाता ना? गाड्या फार असतात हो. जपून."

त्या आठवड्यापासून नळाची धार करंगळीएवढी झाली. भाऊंवर बोलायची कोणाची छाती नव्हती, म्हणून राग काकांवर निघाला. जिन्यात लोक त्यांना टाळायला लागले. काका संध्याकाळी आमच्या पॅसेजमध्येच फेऱ्या मारायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चपलांचा तो आवाज ऐकला की मला रडू यायचं. शेवटी विठ्ठलवाडीहून लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. निघताना आपला टीव्ही माझ्याकडे ठेवला आणि रिमोट माझ्या हातात दिला. "निकालाला तुझ्याकडे लावा आता," म्हणाले.

पुढच्या निवडणुकीला कोणी कोणाकडे जमलं नाही. पण काकांचं नाव आमच्याच यादीत राहिलेलं, त्यामुळे ते मतदानाला आले. खूप वाळले होते. शर्ट तोच, इस्त्रीचा. आम्ही सवयीने गॅलरीत आलो. गेटाबाहेर भाऊंची तीच माणसं खुर्च्या टाकून बसलेली.

"काय काका, कोणाला?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

काकांनी वर आमच्याकडे पाहिलं नाही. शाईचं बोट खिशातच होतं.

"भाऊंना," ते हळूच म्हणाले आणि रिक्षात बसले.

खरंच दिलं का, ते मला कधीच कळलं नाही. निकालाच्या दिवशी मी एकटीच टीव्ही लावून बसले होते. भाऊच निवडून आले, म्हणजे काकांचा उमेदवार जन्मात पहिल्यांदा जिंकला. संध्याकाळी दारोदार पेढे आले. सगळ्यांनी घेतले. मीही घेतला, आणि देणारा हलेना म्हणून त्याच्यासमोर खाल्लाही.