आईचं पाणी

भूगोलाच्या तासाला भिंतीवर नवा नकाशा उलगडला की रोगणाचा वास येतो आणि मला आईची राख आठवते. लोणावळ्याजवळच्या आमच्या ओढ्यातच घराण्यातल्या सगळ्यांची राख सोडायची रीत होती. ओढा पुढे इंद्रायणीला मिळे. वडील त्याच पाण्याने गेले होते. "मला ह्यांच्याच मागं धाडा," एवढंच आई शेवटी म्हणाली होती. त्या साली खाली नवं धरण भरलं आणि त्याचा फुगवटा ओढ्यात शिरला. थोरल्या भावाने कमरेएवढ्या पाण्यात उतरून मडकं उपडं केलं. राख त्या थंड, हिरवट पाण्यावर पसरली आणि तिथंच राहिली. काठावर धरणाच्या कामावरचा एक म्हातारा मजूर बसला होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे पानी आता इंद्रायनीला जात न्हाई. वीज कराया मोठ्या नळानं घाटाखाली उतरतंय, कोकणात." भाऊ खुळ्यासारखा ओंजळीने राख गोळा करू लागला. बोटांतून नुसतं पाणी गळत होतं. "आये, थांब गं, थांब," असं तो म्हणत राहिला. मला त्याला बाहेर ये म्हणवेना. वडील उगवतीच्या समुद्राला गेले, आई मावळतीच्या. घाटमाथ्याच्या पूर्वेचं पाणी पूर्वेलाच वाहतं, असं पुस्तकात छापलंय, आणि मी मुलांकडून ते दरवर्षी पाठ करून घेतो.